रुळांभोवतीचं गाव

१९२५ साली ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून रॉय इंग्लंड नावाचा एक तरुण इंग्लंडला आला. आडनाव आणि देश यांचा मेळ हा निव्वळ योगायोग; त्याला ओढ होती ती ग्रेट वेस्टर्न रेल्वेची. गाड्या पाहता पाहता तो 'व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स' नावाच्या खोऱ्यात हिंडू लागला आणि गाड्यांइतकाच तिथल्या खेड्यांच्या प्रेमात पडला. दगडविटांच्या बुटक्या भिंती, गवताने शाकारलेली छपरं, परसात भाजीचे वाफे. पण हे सगळं त्याच्या डोळ्यांदेखत बदलत होतं. शाकारणी उतरवून तिथे ॲस्बेस्टॉस चढत होता, जुनी घरं पडत होती. गावंच्या गावं विकत घेऊन राखायची तर ऐपत नव्हती. मग त्याने ती लहान करून राखायचं ठरवलं. नेमकी ७६ पटींनी लहान.

त्या काळात ही कल्पना जरा तऱ्हेवाईकच होती, कारण लहान आगगाड्यांचा तोवरचा इतिहास हा इंजिनांचा इतिहास होता. गाव त्यात जवळजवळ नव्हतंच.

या इतिहासातलं ठळक वर्ष १८९१. त्या वर्षी लाइपझिगच्या वसंत जत्रेत मेर्कलिन या जर्मन कंपनीने चावीवर चालणारी पत्र्याची गाडी मांडली. पत्र्याच्या गाड्या आधीही मिळत. नवं होतं ते रुळांचं ठरावीक माप आणि सुटे भाग विकण्याची रीत. एकदा गाडी घेतली की पुढच्या नाताळला आणखी रूळ, त्याच्या पुढच्या नाताळला सांधे, मग डबे, मग स्टेशन, असं वर्षानुवर्षं वाढवत न्यायचं. मुलाच्या हौसेपेक्षा बापाचीच हौस त्यात जास्त भागत असावी. पण या गाड्या आकाराने मोठ्या. त्या पसरायला दिवाणखान्याची सगळी जमीन लागे आणि रात्री सगळं आवरून पेटीत घालावं लागे. जे रोज मोडायचं, त्याच्या भोवती डोंगर कोण उभारणार?

पहिल्या महायुद्धानंतर गाडी जमिनीवरून टेबलावर आली. १९२२ साली बिंग या जर्मन कंपनीने इंग्लंडच्या बाजारासाठी टेबलावर मावणारी रेल्वे काढली. रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. खऱ्या रुळांमधलं १४३५ मिलिमीटर अंतर ८७ ने भागलं की साधारण एवढंच येतं. हे १:८७ चं प्रमाण पुढे युरोप-अमेरिकेत रुळलं. त्याला 'एचओ' म्हणतात. इंग्रजांचं घोडं मात्र मोटरपाशी अडलं. ब्रिटनमधले पूल आणि बोगदे फार आधी बांधलेले, म्हणून बेताच्या मापाचे, आणि त्यांतून जाणारी इंजिनंही तशीच बेताची. १:८७ च्या ब्रिटिश इंजिनाच्या पोटात तेव्हाची विजेची मोटर मावेना. कारखानदारांनी उपाय काढला तो असा की इंजिन थोडं मोठं, १:७६ चं करायचं आणि रूळ आहेत तेच ठेवायचे. १९३८ साली बाजारात आलेल्या हॉर्नबी-डब्लोने ही तडजोड घरोघर नेली. तेव्हापासून ब्रिटिश मॉडेलातली गाडी समोरून पाहिली की पाय जवळ घेऊन उभी असल्यासारखी दिसते. ज्यांना हे अगदीच सहन होईना, त्यांनी १९६० च्या दशकात हिशेब करून बरोब्बर १८.८३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालायला सुरुवात केली. इंजिनाची चाकंही त्यांनी बदलली. या छंदातली माणसं किती काटेकोर असू शकतात, हे एवढ्यावरून कळावं.

हा काटेकोरपणा आधी यंत्रांच्याच वाट्याला आला. लंडनचा 'मॉडेल रेल्वे क्लब' १९१० सालचा. जगातल्या अशा क्लबांत तो सर्वांत जुना मानला जातो. सुरुवातीच्या हौशी मंडळींचा जीव सिग्नलांत, सांध्यांत आणि वेळापत्रकात होता. गाडी वेळेवर सुटली, सिग्नल योग्य क्षणी पडला, की समाधान. गाडी कुठून कुठे चालली आहे, वाटेत काय दिसतं, हे प्रश्न गौण होते.

ते प्रश्न विचारणाऱ्यांत जॉन अहर्न यांचं नाव आधी घ्यावं लागतं. विमा व्यवसायातले हे गृहस्थ लंडनला राहत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी राहत्या घरात 'मॅडर व्हॅली रेल्वे' उभारायला घेतली. ही लाइन कल्पनेतली. गाड्याही कुठल्या एका कंपनीच्या नव्हेत. घरं, गिरणी, खानावळी मात्र ठिकठिकाणच्या खऱ्या इमारतींवरून बेतलेल्या, आणि त्या अशा मांडलेल्या की गाडी गावामधून वाट काढत जाते. गाव गाडीसाठी मांडलंय असं वाटतच नाही. इमारती आणि निसर्गदृश्य कसं करायचं यावर अहर्न यांनी पुस्तकंही लिहिली. इमारतींवरचं १९४७ चं, निसर्गदृश्यावरचं १९५१ चं. त्यानंतर हिरव्या रंगाने माखलेल्या फळीला कुरण म्हणायची कुणाची छाती होईना.

त्याच सुमारास पीटर डेनी या पाद्रीसाहेबांनी दुसरी वाट काढली. त्यांच्या लेआउटवरचं, म्हणजे रुळांच्या मांडणीवरचं, गाव बकिंगहॅम, कंपनी ग्रेट सेंट्रल, काळ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला. गाव खरं, कंपनी खरी. पण त्या कंपनीची लाइन त्या गावाला कधी गेलीच नव्हती. 'गेली असती तर?' एवढ्या एका प्रश्नावर डेनी यांनी जन्मभर काम केलं. इंग्लंडमधली घरं लहान, म्हणून या पिढीने एक हुशार मांडणी रूढ केली. फळीच्या एका टोकाला शाखामार्गाचं छोटं शेवटचं स्टेशन, आणि दुसऱ्या टोकाला पडद्याआड काही रूळ. गाडी स्टेशनातून सुटते, पुलाखालून दिसेनाशी होते आणि पडद्याआड जाऊन थांबते. तिथे हाताने तिचं तोंड फिरवायचं, डबे बदलायचे आणि थोड्या वेळाने दुसरी गाडी म्हणून परत पाठवायची. या जागेला 'फिडल यार्ड' म्हणतात. उरलेलं सगळं जग त्या दीड-दोन फुटांत! डेनी यांच्या घरी दुसऱ्या टोकाचं काम त्यांचा मुलगा क्रिस्पिन पाहत असे. तो शाळेला गेला की पंचाईत होई, म्हणून वेळापत्रकाप्रमाणे गाड्या घेणारं नि सोडणारं एक यंत्रच त्यांनी तयार केलं आणि त्याचं नाव ठेवलं 'ऑटोमॅटिक क्रिस्पिन'.

अमेरिकेत जागेची अशी ओढाताण नव्हती. घरांना तळघरं होती, गॅरेजं होती, आणि डोंगर करायचा तर तो छताला भिडवायची जिद्द होती. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे इथे जॉन ॲलन या छायाचित्रकाराने जमिनीपासून छतापर्यंत कडे उभे केले. इंजिनांवर गंज आणि काजळी रंगवून ती वापरातली दाखवण्याची कला त्यांनी लोकप्रिय केली. अशा डोंगरांचं तंत्र मराठी घराला परकं वाटू नये. दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलं विटा-दगड रचतात, वर चिखलात बुडवलेलं पोतं पसरतात आणि कड्यांना आकार देतात. अमेरिकन मंडळी लाकडी सांगाड्यावर जाळी ठोकतात आणि प्लास्टरमध्ये बुडवलेले कागदी टॉवेल तिच्यावर अंथरतात. किल्ल्यावर अळीव उगवतात, तिथे रंगवलेला भुसा आणि वाळवलेलं दगडफूल येतं. अलीकडे गवतासाठी नायलॉनचे बारीक तंतू वापरतात. ते गोंदावर सोडताना विजेचा भार दिला की एकेक पातं ताठ उभं राहतं.

जानेवारी १९७३ मध्ये ॲलन वारले आणि अवघ्या दहा दिवसांत आगीत त्यांचा बहुतेक लेआउट जळाला. उरली ती त्यांनीच काढलेली छायाचित्रं.

ॲलन यांचे डोंगर कल्पनेतले. खरा डोंगर तसाच्या तसा करायचा म्हटलं की आधी हिशेबाशी गाठ पडते. एचओच्या प्रमाणात एक किलोमीटर म्हणजे साडेअकरा मीटर. साधं तालुक्याचं स्टेशन बाहेरच्या सिग्नलपासून बाहेरच्या सिग्नलपर्यंत घ्यायचं झालं तरी घराची भिंत पुरत नाही. म्हणून कापाकापी करावी लागते. बारा डब्यांची गाडी सहा डब्यांची होते, यार्डातले दहा रूळ चार होतात, दोन वळणांपैकी एक जातं. काय कापलं तर जागा ओळखू येणार नाही, हे ज्याला कळलं त्याला निम्मी कला आली. कापाकापी शक्य तितकी टाळायची ठरवणाऱ्या एका क्लबचं काम सॅन डिएगोच्या मॉडेल रेल्वे संग्रहालयात पाहायला मिळतं. कॅलिफोर्नियातला तेहाचापी घाट तिथे १:८७ मध्ये आहे. १८७६ साली बांधलेल्या या घाटात मार्ग डोंगराभोवती असा गोल फिरतो की लांब मालगाडीचं पुढचं टोक तिच्याच मागच्या डब्यांच्या वरून जातं. हे दृश्य दाखवायचं तर गाडी खरोखरच लांब हवी, आणि त्यासाठी खोली नव्हे, दालन हवं.

ब्रिटनमध्ये या छंदाला खरं वळण दिलं ते एका सरकारी अहवालाने. मार्च १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांनी तोट्यातल्या रेल्वेची छाटणी सुचवली. २३६३ स्टेशनं आणि सुमारे ५००० मैलांचे मार्ग बंद करावेत, अशी ती शिफारस होती. ऑगस्ट १९६८ मध्ये ब्रिटिश रेल्वेच्या नेहमीच्या मार्गांवरचं वाफेचं इंजिनही थांबलं. पाच-सहा वर्षांत हजारो गावांचं स्टेशन गेलं, रूळ उचलले गेले, फलाटांवर झुडपं माजली. ज्या मुलांनी शाळेला जाताना ती गाडी पकडली होती, ती आता हातात चार पैसे खेळणारी माणसं झाली होती. त्यांना कुठलीही गाडी नको होती; त्यांना त्यांच्या गावची सकाळची गाडी हवी होती.

इथून मॉडेल करणारा माणूस अर्धा इतिहासकार झाला. स्टेशनाचे नकाशे, जुने सर्व्हे, वेळापत्रकं, निवृत्त सिग्नलवाल्यांच्या आठवणी, कुणाच्या तरी लग्नाच्या फोटोत मागे आलेलं मालधक्क्याचं दार, हे सगळं गोळा होऊ लागलं. आणि प्रत्येकाला आधी एक गोष्ट ठरवावी लागली, ती म्हणजे साल. १९३५ घेतलं तर डबे एका रंगाचे, १९५५ घेतलं तर दुसऱ्या. दुकानावरची पाटी, रस्त्यावरची मोटार, बाईच्या झग्याची लांबी, झाडाची उंची, सगळं त्या सालाला बांधलेलं. गाव आठवतं ते अनेक वर्षांचं मिळून; मॉडेलला एकच वर्ष चालतं. आठवणीतले दोन दिवस एकमेकांशी जुळत नाहीत, हे पुष्कळांना मॉडेल करायला घेतल्यावरच समजलं असेल.

लंडनच्या त्याच १९१० च्या क्लबने १९८० च्या दशकात 'कोपनहेगन फील्ड्स' हा लेआउट हाती घेतला. विषय होता क्लबच्या दारापासून हाकेच्या अंतरावरचा, किंग्ज क्रॉस स्टेशनच्या उत्तरेचा भाग, तोही दोन महायुद्धांच्या दरम्यानचा. प्रमाण फुटाला दोन मिलिमीटर. मागच्या बाजूची घरं मुद्दाम आणखी लहान केलेली, त्यामुळे शहर दूरवर पसरत गेल्याचा भास होतो. गुरांच्या बाजाराचा तिथला घड्याळाचा मनोरा आजही जागेवर आहे. भोवतालचं पुष्कळसं मात्र पार बदललं. या लेआउटमध्ये गाड्या धावतातच, पण पाहणारा वाकतो तो परसदारांच्या रांगा आणि धुरांडी पाहायला.

रॉय इंग्लंड यांनी हे सगळं बीचिंगच्या आधीच ओळखलं होतं. १९५४ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डशरमधल्या लाँग विटनम या खेड्यात 'थ्री पॉप्लर्स' हा जुना पब घेतला. तिथे त्यांनी युथ हॉस्टेल चालवलं आणि संग्रहालयही उभं केलं. तेच आजचं पेंडन संग्रहालय. त्यातलं एक दृश्य डार्टमूरच्या माळाचं आहे. इंजिनिअर ब्रुनेल यांच्या धाटणीचा लाकडी रेल्वेपूल त्यात आहे; असे पूल खऱ्या जगात आता उरलेले नाहीत. अहर्न यांची मॅडर व्हॅलीही त्यांच्या मृत्यूनंतर इथेच आली. मुख्य दृश्य अर्थात खोऱ्याचं. त्यातल्या खेड्याचं नाव पेंडन पार्वा. नकाशावर असं खेडं नाही, पण त्यातली घरं वेगवेगळ्या गावांतून मोजमाप घेऊन आणलेली, खरी.

एक घर कसं होतं ते पाहण्यासारखं आहे. भिंती पुठ्ठ्याच्या. खऱ्या विटेची लांबी नऊ इंच. १:७६ मध्ये ती तीन मिलिमीटर होते आणि उंची एक मिलिमीटरसुद्धा भरत नाही. एवढ्या विटेच्या कडा पुठ्ठ्यावर कोरायच्या, मग जलरंगाने एकेक वीट वेगळी रंगवायची, कारण भट्टीतून आलेल्या दोन विटा एका रंगाच्या नसतात. मूळ भिंतीवर डागडुजी असेल तर तीही दाखवायची. छपराच्या वळचणीखाली सावली नैसर्गिक पडते, ती रंगवायची नाही. काही घरांच्या आत सामानसुमानही मांडलेलं आहे, खिडकीतून डोकावल्याशिवाय दिसणारही नाही असं. एका घरामागे महिने जातात, कधी वर्षं. इंग्लंड १९९५ मध्ये वारले. काम स्वयंसेवकांनी पुढे चालू ठेवलं.

या कामाकडे डोळे मिटून कौतुकाने पाहायचं कारण नाही. गवताचं छप्पर गळतं, पेट घेतं आणि दर काही वर्षांनी पैसे मागतं. ॲस्बेस्टॉस घालणारा शेतमजूर सौंदर्याचा वैरी नव्हता. त्याला कोरडं घर हवं होतं. दोन युद्धांमधला काळ इंग्लिश शेतीला मंदीचा गेला आणि खेड्यांतली मजुरी तुटपुंजी होती. मॉडेलमध्ये भिंतीवरचा ओलावा रंगवता येतो, त्या ओलाव्याने जडलेला खोकला दाखवता येत नाही. पेंडनचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. साध्या घरांची इतकी बारीक मापं कुणी घेत नसताना ती तिथे घेतली गेली. राजवाड्यांचे नकाशे सगळीकडे मिळतात. शेतमजुराच्या गोठ्याचा मिळत नाही.

आपल्याकडे या छंदाचं सर्वांत परिचित ठिकाण पुण्यात कोथरूडला आहे. बी. एस. जोशी यांनी अनेक वर्षं जमवलेल्या आणि घडवलेल्या लहान रेल्वेचं संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी तिथे सुरू झालं. सर्कस आहे, डोंगरावर दोराने चढणारी फ्युनिक्युलर आहे, दिवे मालवले की नगरीची रात्र होते. पुण्यातल्या पुष्कळ मुलांनी चालतं मॉडेल पहिल्यांदा पाहिलं ते इथेच. पण ही नगरी कल्पनेतली आहे. ती पुण्याची नाही की लोणावळ्याची नाही.

भारतीय स्टेशनाचं मॉडेल करणं मुळातच का अवघड आहे, हे आकडे सांगतात. आपल्या ब्रॉडगेजच्या रुळांत १६७६ मिलिमीटरचं अंतर असतं. ८७ ने भागलं की १९.२६ मिलिमीटर येतात, आणि दुकानात मिळतात १६.५ चे. म्हणजे एक तर रूळ हाताने घाला, नाही तर इंग्रजांसारखी तडजोड करा. घाट घ्यावा तर आकडे आणखी डोळे फिरवतात. १८६३ मध्ये खुला झालेला बोरघाटाचा चढ साधारण २५ किलोमीटरांचा. एचओमध्ये तो जवळपास २९० मीटर भरतो आणि साडेसहा मीटर वर चढतो. पंचवीस बोगदे वेगळेच. त्यातलं रिव्हर्सिंग स्टेशन, जिथे गाडी थांबून इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि गाडी उलट दिशेने चढू लागे, तेवढंच घेतलं तर एका खोलीत मावेल. ते १९२९ मध्ये वापरातून गेलं, म्हणजे साल त्याच्या अलीकडचं घेता येणार नाही.

याहून सोयीचा विषय सोलापूर जिल्ह्यात आहे, आणि त्याचा धागा थेट इंग्लंडच्या मॉडेल मंडळींपर्यंत जातो. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेत काम केलेले इंजिनिअर. त्यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, प्रत्येक आसावरचा भार जेमतेम पाच टन. हाच अनुभव घेऊन त्यांनी स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही त्याच मापाची लाइन बांधली. ती १९०४ मध्ये सुरू झाली. तिच्या इंजिनांना पुढे मोठा दिवा आणि उष्ण देशांतल्या धाटणीची केबिन होती. इंग्लंडच्या कुरणांतून जणू बार्शीचीच गाडी धावत होती. १९३४ मध्ये ती बंद पडली, मार्गाची पायवाट झाली. अवघ्या तीस वर्षांच्या या आठ मैलांच्या लाइनवर इंग्लंडमधल्या नॅरोगेज मॉडेलवाल्यांचा फार जीव.

बार्शी लाइन तिच्या कितीतरी पट मोठी. १९०६ मध्ये ती पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये लातूरला, १९२७ मध्ये मिरजेला. कापूस आणि वारकरी या दोघांनी ती चालवली. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचं टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झालं. तिच्यावरून आषाढीला गेलेली माणसं अजून पुष्कळ आहेत.

ही लाइन जिथे जीआयपीला मिळे ते कुर्डुवाडी जंक्शन करायला घेतलं तर हिशेब असा बसतो. १:८७ मध्ये ७६२ मिलिमीटरचे पावणेनऊ होतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ दुकानात तयार मिळतात. शेजारच्या जीआयपीच्या मार्गासाठी मात्र १९.२६ चे हाताने घालावे लागतील. एका फलाटावर मुंबईची गाडी, दुसरीकडे बार्शीची आणि पंढरपूरची, मध्ये गाडी बदलणारी माणसं. वारीतली गर्दी दाखवायची तर साल १९०६ नंतरचं हवं, आणि पंढरपूरहून पुढे मिरजेला जाणारी गाडी सोडायची तर १९२७ नंतरचं.